जांभळ्या उजेडातली मेथी

घनसावंगी

मेव्हणे धर्मराजराव यांना रामकिसन दाजीचा रामराम.

तुमचा गुडघा कसा हाय? इकडं मी आन अर्पिता बरे आहोत. तुमची बहीण मात्र बरी न्हाई. तुम्ही फोन उचलणं बंद केल्यापासून ती माझ्याशी बोलत न्हाई, भाकरी आदळून वाढती. म्हणून हे पत्र. आधी एकच गोष्ट बराबर ध्यानात घ्या. अर्पिताचं लग्न झालं न्हाई, ठरलं न्हाई, आन मामाला सोडून भाचीचं लग्न लावण्याइतका तुमचा दाजी बिघडला न्हाई. तुमच्या गावी धावड्याला जी खबर आली ती मेथीची हाय.

झालं असं. शेत वाट्यानं देऊन आम्ही पोरीच्या नोकरीपायी हितं भाड्याच्या खोल्यांत आलो. अंगण न्हाई, गच्चीला घरमालकाचं कुलूप. जन्मभर ऊस-कापूस काढलेला माणूस मी, हाताला चैन पडंना. मंग मोबाईलवर बघितलं की एलईडी दिव्याखाली घरात भाजी येती. मागवला दिवा. (तुमची बहीण म्हणली, सूर्य फुकट असताना ह्यो खर्चा कशाला? मी म्हणलो, सूर्य बैठकीत येत न्हाई.) टबात मेथी पेरली, वर दिवा टांगला. उजेड पांढरा असंल असं मला वाटल्तं, निघाला जांभळा. खिडकीतून पार रस्त्यावर, आन पहाटेपासून रातीपर्यंत, कारण मेथीला तसाच लागतो म्हणे.

आता घराला रंगीत लाइटिंग दिसली की आपल्याकडं लोकांना लग्नाबिगर दुसरं काही सुचतं का? दुसऱ्याच दिवशी शेजारच्या कांताबाई चार बाया आन सुपं घेऊन हजर, लग्नाचे गहू निवडायला. मी सांगून राह्यलो की बाई, ही मेथी हाय. त्या गालात हसल्या आन बसल्या. दैवशालानं तोंडातून शब्द काढला न्हाई. वर्षाचे सगळे गहू निवडून झाले, मंग म्हणली, लग्न न्हाई वो. (अशी हाय तुमची बहीण. तुम्ही म्हणता भोळी.) मंग पप्पू बँडवाला सुपारी घ्यायला आल्ता. मी त्याला टब दाखवला. त्यानं मेथीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आन म्हणला, काका, घरात कुणाला तरी सांगा, एकट्यानं सहन करू नका.

कांताबाईचं माहेर तुमच्याकडलं. तिनं खरं कळायच्या आधीच तिकडं कळवलं व्हतं, आन तुम्ही चौकशी न करता फोन बंद! अहो, एकदा विचारायचं तरी! भावाबिगर मला कोण हाय, असं म्हणून दैवशाला मेथी निवडता निवडता रडली. मला लई वाईट वाटलं. (मेथी काड्यांवानी उंच झाली, चव बिलकुल न्हाई.) तरी राग सोडा आन जल्दी फोन उचला.

तुमचाच दाजी,
रामकिसन

ता. क. पत्र पाकिटात घालून राह्यलो तेवढ्यात जांबहून बद्रीनाथ पाव्हणे भांडायला आले. म्हणले, आमच्या पोरासाठी, ह्या कल्याणसाठी, आम्ही विचारणार व्हतो आन तुम्ही परस्पर लग्न उरकून राह्यले! कल्याण संगं व्हता. खरं कळल्यावर त्यांनी तिथंच मागणी घातली. आमच्या बैठकीत सगळेच जांभळे दिसतेत, म्हणून अर्पितानं पोराला बाहेर उन्हात नेऊन नीट बघितलं, लई येळ बोलली, मंग हो म्हणली. तवा वर ‘ठरलं न्हाई’ लिहिलंय ते खोडलं समजा.

आणखी एक. पोरगी म्हणती, मामा पाठीशी उभा राह्यल्याबिगर मी बोहल्यावर चढणार न्हाई. रुसायचंच असंल तर लग्नात येऊन रुसा. मामाचा तो मान हाय, आम्ही हात जोडून समजूत काढू.