ओले हात

आबा, आज सकाळी मी पहिला मासा पकडला आणि सोडला. तेव्हापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. लॅपटॉप उघडा आहे, ऑफिसची मीटिंग चालू आहे, पण माझा जीव एका जागी ठरत नाही.

इथे आयर्लंडमध्ये, स्लायगोकडच्या नदीवर, गळाला गांडूळ लावत नाहीत. दोरा-पिसांची खोटी माशी करून पाण्यावर टाकतात. तुम्ही हसला असतात. जुलैभर नदी इतकी आटली, तापली होती की गळ टाकणंच बरोबर नव्हतं; तशा पाण्यात दमलेला मासा सोडला तरी जगत नाही. मग ऑगस्टात पाऊस झाला आणि डोंगरावरून कोऱ्या चहाच्या रंगाचा पूर आला. तो उतरून निवळू लागतो तेवढे काही तासच गळ टाकायला खरे. हे मला शेजारच्या म्हाताऱ्याने शिकवलं. गेल्या हिवाळ्यात कोविडमुळे घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती. नदी त्या पाचात होती, आणि काठावर रोज तो. गेले तीन दिवस कुंपणावरून ओरडत होता, "अजून नाही, पोरी. उद्या पाणी ग्रँड होईल."

"काल पण हेच म्हणालात!"

"काल आशेवर होतो. आज नदी बघून आलोय."

आज एकदाचं पाणी जमलं. गळाला लागलेला ट्राउट मासा काठाशी आला. म्हातारा काही सांगणार एवढ्यात मी दोन्ही हात पाण्यात बुडवले, मग माशाला धरलं, त्याचं तोंड प्रवाहाकडे केलं आणि तो आपणहून निसटेपर्यंत थांबले. म्हातारा बघतच राहिला. "कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, हे लोकांना वर्षभर सांगावं लागतं. तुला कुणी शिकवलं?"

"व्हिडिओ बघितला," मी म्हणाले.

"तुझा तो व्हिडिओवाला नदीवरच वाढलेला दिसतो."

आबा, आठवतं? मी नववीत आहे. वक्तृत्व स्पर्धा, विषय 'आपली नदी'. मी माइकवर सांगते आहे की पावसाळ्यात अंड्यांवर आलेली मासळी मारून नदी ओस पाडणारे लोक बाहेरचे नाहीत, माझ्याच घरात आहेत. टाळ्या थांबत नाहीत. शेवटच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून तुम्हीही टाळ्या वाजवता. घरी आई कडाडली, "भर सभेत बापाला चोर ठरवलं, आणि तुम्ही पेढे कसले वाटताय?" तुम्ही म्हणालात, "आवाज मागपर्यंत खणखणीत आला बघ." पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. घरातली पहिली पदवी माझी, ती बघायला तुम्ही नव्हतात. त्या भाषणाबद्दल कुणी विचारलं की मी म्हणते, लहान होते, माहीत नव्हतं.

माहीत होतं. आधल्याच आठवड्यात मी तुमचा डबा घेऊन नदीवर आले होते. जाळ्यात रोहूची मादी होती, अंड्यांनी पोट टम्म फुगलेली. तुम्ही हात भिजवलेत, तिला अलगद उचललंत, परत पाण्यात धरलंत आणि ती जाईपर्यंत वाकून राहिलात. मी काठावरून सगळं बघितलं, आबा. भाषणात बसत नव्हतं, म्हणून गाळलं.

हे तुमच्यापर्यंत पोचवायला पत्ता नाही. म्हातारा परसात गळाचा दोर वाळत घालतो आहे. व्हिडिओ नव्हता, निदान एवढं त्याला सांगावं म्हणून मघाशीच बूट घातलेत. दार अजून उघडलेलं नाही.