कोऱ्या पाठीचं पत्र

सेफ्रू, १२ मार्च

अल्लाच्या नावाने.

ती. आईस थोरल्या बतूलचा सलाम. पत्रास कारण की, तुझं पत्र पोचलं. साखरेच्या सुळक्यासारख्या ढेपेला गुंडाळलेल्या जांभळ्या कागदावर लिहिलेलं. पोस्टमनने दोन बोटांत धरून हातात दिलं. ज्या बाईच्या नवऱ्याचं वह्या-कागदांचं दुकान, तिला तिची आई साखरेच्या कागदावर लिहिते. गल्ल्यावर बसलेले द्रीस हसले. मला काही हसू आलं नाही.

हे सगळं तुझ्या धाकट्या लेकीच्या, रकियाच्या सांगण्यावरून, ते मला ठाऊक आहे. भट्टीवरून पाव आणताना कागद घेऊ नकोस, फडकं ने, असं वीस वर्षांपूर्वी मीच सांगत होते. तेव्हा मी चिकट ठरले. आता तेच रकिया बोलली की ते शहाणपण. तिच्या शाळेने पालकांना चिठ्ठ्या पाठवायचं बंद केलं, दारात फळा टांगला, उरलेल्या कोऱ्या पानांच्या वह्या शिवल्या, म्हणून तिचा पेपरात फोटो आला. तो पेपर तू म्हणे मशिदीतल्या तुमच्या अक्षरं शिकायच्या वर्गात सगळ्यांना दाखवलास. कागद वाचवणाऱ्या बाईचा फोटो किती हजार कागदांवर छापला, ते एकदा विचार तिला.

आई, मी स्पष्टच लिहिते. तिला कागदाचं काही पडलेलं नाही, नाव हवंय. पदरात मूल नाही, मग लोकांच्या पोरांच्या वह्या शिवत बसायचं आणि टाळ्या घ्यायच्या.

तू जिन्यावरून घसरलीस तेव्हापासून माझ्या जिवाला घोर आहे. खालची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतली. खिडकीतून चेरीची झाडं दिसतात. ईदच्या आत ये. रकियाकडे डोंगरात चढउतार फार, तुझा गुडघा तिथे टिकायचा नाही.

हा दुकानातला सर्वांत चांगला कागद आहे. एकाच बाजूला लिहिलंय, म्हणजे तुझ्या डोळ्यांना पलीकडची शाई त्रास देणार नाही. रकियावर तुझी माया आहेच, ती थोडी माझ्याही वाट्याला येऊ दे.

तुझी,
बतूल

———

मेक्नेस, १९ मार्च

अल्लाच्या नावाने.

चि. रकियास आईचे अनेक आशीर्वाद. गुडघा बरा आहे. साठीनंतर शिकलेली अक्षरं, वाकडीच येणार, सांभाळून घे.

बतूलकडे जायचं मी ठरवलं होतं. गाठोडं बांधलं, कोंबड्या शेजारच्या तामूला देऊन टाकल्या. तेवढ्यात हे पत्र आलं. जिथे एक लेक दुसरीविषयी असं लिहिते, त्या घरात मी कोणत्या तोंडाने राहू? तुझ्याकडे यावं, तर बतूल म्हणेल, बघा, शेवटी तिचीच ओढ. तेव्हा मी कुठेच येत नाही. इथेच बरी आहे. गाठोडं सोडलं. तामूने कोंबड्या परत दिल्या, एक कमी दिली.

हा कागद मला घरात ठेववेना. फाडावा, तर माथ्यावर अल्लाचं नाव. नाव पायदळी येऊ नये म्हणून असे कागद भिंतीच्या फटीत खोचतात, तसा खोचावा, तर गल्लीतलं कोणीतरी काढून वाचील. पाठ मात्र अगदी कोरी होती, आणि कोरी पाठ वाया घालवू नये असं तूच सांगतेस. म्हणून तीवर तुला लिहिलं. पुढची बाजू वाचू नकोस.

जेवत जा. शाळेच्या नादात उपाशी राहू नकोस.

तुझी आई

———

शफ्शावन, २७ मार्च

अल्लाच्या नावाने.

ती. थोरली बहीण लल्ला बतूल हिस धाकट्या रकियाचा सलाम. हे पत्र गणिताच्या जुन्या पेपराच्या पाठीवर आहे. पोराला शून्य मिळालंय, तिकडे लक्ष देऊ नकोस. सोबत तुझंच पत्र परत पाठवते. त्याची पाठ आधी वाच, मग हे.

वाचलीस? पुढची बाजू वाचू नकोस, असं आई लिहिते. असं सांगितल्यावर न वाचणारी बाई आपल्या घराण्यात जन्माला आलेली नाही.

वह्या शिवण्याबद्दल तू जे लिहिलंस, ते मी दोनदा वाचलं. ते अगदीच खोटं नाही, म्हणून जास्त लागलं. दुपारी घरी गेलं की घर खायला उठतं, शाळेत थांबलं की बरं वाटतं. फोटोही मला आवडला होता, कशाला लपवू?

पण आता माझंही ऐक. आईच्या पलंगाखाली बिस्किटांचा निळा डबा आहे. त्यात तुझी पत्रं आहेत. लग्न होऊन गेलीस तेव्हापासूनची सगळी. मागच्या ईदला लिहायला कागद शोधताना मी तो उघडला. एवढे जाड, एका बाजूने कोरे कागद पाहून मला वाटलं, वर्षभराची सोय झाली. आईने माझ्या हातातून डबा हिसकावून घेतला. म्हणाली की ती बतूलची आहेत, त्यांना हात लावायचा नाही. औषधाच्या चिठ्ठ्या, विजेची बिलं, माझी स्वतःची पत्रं, सगळ्यांच्या कडांवर ती बाजाराच्या याद्या लिहिते. माझं एकही पत्र तिने जपून ठेवलेलं नाही. म्हणते की रकियाला कागद साठवलेला आवडत नाही. हे मीच शिकवलं तिला. त्या डब्यावर मी किती जळते, ते तुला कधी कळलं नसतं.

त्या डब्यात न गेलेलं तुझं हे पहिलंच पत्र आहे.

आईने त्या जिन्याच्या घरात एकटीने राहू नये. माझ्याकडे चढ आहे, हे तुझं खरं. ती तुझ्याकडेच आली पाहिजे. ते आता माझ्या हातात नाही, तुझ्या हातात आहे. राग धरू नकोस. मी धरलाय, पण तो जाईल.

तुझी,
रकिया

———

सेफ्रू, ४ एप्रिल

अल्लाच्या नावाने.

ती. आईस बतूलचा सलाम. हे पत्र चार वेळा लिहायला घेतलं. चारही कागद समोर पडले आहेत. माथ्यावर नाव असल्यामुळे मलाही ते फाडता येत नाहीत. त्यांच्या कोऱ्या पाठी द्रीसना हिशेबाला देईन.

रकियाने माझं पत्र परत पाठवलं. तिला मूल नसण्याविषयी मी जे लिहिलं, ते लिहिताना माझा हात झडायला हवा होता. तिची माफी मी वेगळी मागितली आहे. तिने अजून उत्तर दिलेलं नाही, आणि ते बरोबर आहे. तुझी माफी इथे मागते.

मला वाटायचं, तू तिचंच ऐकतेस. तुझ्या तोंडी सदा तिचं नाव. फोटो पाहिला त्या दिवशी मी जेवले नाही. डब्याचं मला कोणी सांगितलं नव्हतं, आई. तूही नाही.

आता तिच्याविषयी एक चांगली गोष्ट लिहिते, कारण ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. इथे आमच्या गल्लीतल्या शाळेच्या दारातही आता फळा टांगला आहे. कोणी टांगला, ते द्रीस कुणाला सांगत नाहीत. मी सांगितलं होतं टांगायला. फोटो येण्याच्या महिनाभर आधी, तिचं पाहून.

हा कागद मी दोन्ही बाजूंनी लिहिला. डोळ्यांना त्रास होईल, हळूहळू वाच. फक्त खालची चार बोटं कोरी सोडली आहेत. यायचं नसेल, तर तिथे तसं लिही आणि कागद मला परत पाठव. यायचं असेल, तर काही लिहू नकोस. हा कागद डब्यात ठेव, कोंबड्या तामूला दे, आणि डबा घेऊन ये.

रकियाची पत्रंही यापुढे त्यातच ठेवत जा. मला आवडणार नाही, पण ठेव.

तुझी,
बतूल