फायटरच्या भांड्यातला भात

मंगळवार, ११ फेब्रुवारी

फायटर माशाचं पाणी आज पुन्हा गढूळ. रविवारीच बदललं होतं, आणि खाणं मीच टाकते, सकाळी तीन दाणे. मासा पर मिटून तळाशी पडलेला. असंच चाललं तर आठवडाही काढायचा नाही. चमच्याने तळ ढवळला, तर भाताची शितं!

संशय सरळ कामवाल्या सुनीतावर. सगळ्यांसमोर विचारलं.

"ताई, मी त्या भांड्याला हात बी लावत न्हाई."

मला पटलं नाही. का? घरातलं कुणी आधी का सुचलं नाही?

जेवताना सगळ्यांवर नजर ठेवली. लिहितानाही बरं वाटत नाही, पण ठेवली. सासूबाईंनी ताटातला पहिला घास काढला, उठल्या आणि थेट माशाकडे.

"आई, भाताने मरेल तो!"

"गावाकडं, धावड्याला, पहिला घास गाईला द्यायचे. इथं तिसऱ्या मजल्यावर गाय कुठून आणू? मंग म्हणलं, हा बी मुका जीवच."

गॅलरीत चिमण्यांसाठी ताटली ठेवून दिली. पाणी बदललं. मासा अजून वर आलेला नाही.

उद्या सुनीताची माफी मागायची. तिला स्वयंपाकघरात एकटीला गाठून सांगावं, असं मनात येतंय. तसं करायचं नाही, सगळ्यांसमोरच मागायची.