आई, मी समुद्राच्या तळाशी जाऊन आले

आई, मी समुद्राच्या तळाशी जाऊन आले. अंदमानला. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, "आन् तिथं काय ठेवलंय गं तुझं?"

लेकीनं हट्टानं नेलं. नवख्यांसाठीचंच स्कूबा डायव्हिंग होतं ते. बोटीतून उडी नाही, किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं. अंगाला घट्ट रबरी पोशाख, पाठीवर हवेची टाकी, डोळ्यांवर-नाकावर पाण्यातला चष्मा, तोंडात नळी. शिकवणारी मुलगी लेकीपेक्षाही लहान. छातीभर पाण्यात उभं करून म्हणाली, "आंटी, साँस मत रोकना, बस." आणि मी नेमका श्वासच रोखला. डोकं पाण्याखाली गेलं, चष्म्यात पाणी शिरलं आणि मी घाबरले. धडपडत उभी राहिले, नळी काढली आणि सांगून टाकलं, मला नाही जमायचं. ती शांतपणे म्हणाली, "कोई जल्दी नहीं."

तिथं तशीच उभी असताना मला रहिमतपूरजवळची आपली विहीर आठवली. तू भुईमूग खुरपते आहेस. शेजारची पोर पायरीवरून घसरते, कुणीतरी किंचाळतं. काठावर जमलेली माणसं दोर आणा, दोर आणा म्हणून ओरडतायत आणि तू खुरपं टाकून पळत येतेस, कासोटा आवळतेस आणि उडी घेतेस. तिला केसांना धरून वर आणलंस. पोर खोकली, रडली, तेव्हा कुठं तू पायरीवर बसून पदर पिळलास.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या सगळ्या पोरी गोळा केल्यास आणि पाठीला वाळके भोपळे बांधून विहिरीत उतरवल्यास. आजोबा संतापले. "पोरींनी हिरीत उड्या मारायच्या? लोक काय म्हणतील?" तू डोक्यावरचा पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "आवं मामंजी, पाणी काय पोरगा-पोरगी बघून बुडवतंय व्हय?" सासऱ्यांना तू दिलेलं ते पहिलं उत्तर. आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत. पोहणं मात्र थांबलं नाही. मला पाण्यात सोडताना म्हणायचीस, "लय हातपाय झाडू नगंस. आंग सैल सोड. पाणी उचलतंय तुला." तेव्हा तू माझ्या आताच्या निम्म्या वयाचीही नव्हतीस. एवढं धाडस तुझ्यात कुठून आलं, याचं मला आजही नवल वाटतं.

मी खांदे सैल सोडले. नळी पुन्हा तोंडात धरली आणि त्या मुलीचा हात धरून वाळूच्या उतारावरून खाली गेले. कान दुखले की नाक दाबून फुंकायचं, मग मोकळे होतात. आणि पुढं प्रवाळ. कोबीच्या गड्ड्यासारखे, हरणाच्या शिंगांसारखे, जांभळे, पिवळे. हिरवानिळा एक मासा प्रवाळ चावत होता, त्याचा कटकट आवाज चक्क ऐकू येत होता. कशालाही हात लावायचा नाही म्हणून दोन्ही हात पोटाशी धरून मी नुसती तरंगत राहिले, आपलाच श्वास ऐकत. इतकं हसू आलं की चष्म्यात परत पाणी शिरलं. या वेळी घाबरले नाही.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? सांगलीच्या घरात, कपाटात साड्यांखाली ठेवून देते. फक्त एक सांगायचं राहिलं. परतताना मी लेकीला म्हटलं होतं, बघून झालं, आता पुरे. पण पुन्हा जायचं तिकीट काढून ठेवलंय गं, एकटीचंच. घरात अजून कुणाला बोललेली नाही.