चौथ्या किलोमीटरची गिट्टी

अनसिंग, १५ मार्च १९७९

साडूभाऊ बबनराव यांस गोविंदा मिस्त्रीचा रामराम.

तुमच्या म्हशी, तुमचा दमा आणि अक्कांची कंबर (तुम्ही ज्या क्रमाने काळजी करता त्याच क्रमाने विचारतो) ठीक असावीत. हे पत्र आमच्या गँगमधल्या रूपलाच्या हाती पाठवतो आहे. मी स्वतः आलो असतो, तर तुम्ही चहा पाजून विषय बदलला असता.

बहात्तरच्या दुष्काळात आपण जो रस्ता बांधला, त्याच्या पोटात किती गिट्टी आहे ते न खोदता सांगणारं यंत्र आलं आहे. रडार म्हणतात. जीपमागे चाकांवरची पेटी. ती जमिनीत लहर सोडते, लहर थराला आपटून परत येते आणि कागदावर रेघा उमटतात. यंत्रासोबत आलेल्या बांधकाम खात्याच्या साहेबांना त्यांत डांबर, गिट्टी, मुरूम वेगवेगळे दिसतात. मला वाळवीने खाल्लेला सातबारा दिसतो. (खालच्या काळ्या मातीत शिरलेली लहर मात्र परत येत नाही. वऱ्हाडातली माती, घेतलेलं परत कशाला देईल.) गावातल्या मनकर्णाबाई दुखरा गुडघा घेऊन आल्या. ‘हाडातलं दिसते का बाप्पा?’ फक्त रस्त्यातलं, म्हणाले साहेब. ‘मंग कायले आणलं,’ म्हणून त्या तिथेच बसल्या.

तर चौथ्या किलोमीटरला खात्याच्या जुन्या नोंदीत नऊ इंच गिट्टी, पोटात पाच. सातव्याला नोंदीत नऊ, पोटात बारा. खात्री करायला दोन्हीकडे खोदलं (न खोदता सांगणारं यंत्र ते), आकडे खरे निघाले. साहेबांनी निकाल लावला: चौथ्याची गिट्टी चोरून सातव्यात घातली. सातव्याला बौद्धवस्ती आणि तिथल्या बायांची म्होरकी अंजना. तिचा मैलकुली (रस्ता राखणारी मजूर) म्हणून कायम होण्याचा हुकूम टेबलावर होता, तो परत फाइलीत गेला. सोमवारी जबाब, नंतर मस्टरवरून नाव कमी.

अंजना म्हणाली, ‘साहेब, सुट्टी झाल्यावर आमी नाल्यातले गोटे फोडून टोपलं टोपलं टाकलं तिथं. माही जाऊ अडली होती, तिले नेतानी गाडी त्याच चिखलात फसली होती.’ साहेबांच्या पेटीला नाल्यातला गोटा आणि खाणीतला दगड यांतला फरक कळत नाही, आणि खड्ड्यात साहेबांनी फक्त मोजपट्टी लावली होती. जास्तीच्या कामाला परवानगी कोणाची होती, असं त्यांनी विचारलं.

‘कमी कामाले कोनाची होती?’ असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. मी यंत्राकडे पाहिलं.

अक्कांना नमस्कार.

आपला,
गोविंदा

ता. क. चौथ्या किलोमीटरपासून तुमचा गोठा एका हाकेवर. भर पावसात म्हशींचे खूर कोरडे राहतात ते कशामुळे, हे सोमवारी पहिल्या एसटीने येऊन साहेबांना सांगा.

ता. क. गोठा घाईने शेणाने सारवू नका. ज्याने ती गिट्टी अंथरली, त्याला सारवणाखालचं पेटीशिवाय दिसतं.

ता. क. गिट्टी वाहिली ती बैलगाडी माझी होती, हे मी आज दुपारी साहेबांना लिहून दिलं. अंजनाने ते वाचून घेतलं आणि ‘आता बोलले मिस्त्री, सहा वर्सानं,’ एवढंच म्हणाली. गोठा कोणाचा, तेवढी ओळ कोरी आहे. तिथे तुमचं अक्षर हवं.