गुरुवारी पाच ते साडेपाच

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
ग्रानफॉर्स नगरपालिका, स्वीडन

विषय : फुटबॉल प्रशिक्षक टोर्केल ब्युर्लुंड याच्या संशयास्पद हालचालींबाबत
संदर्भ : माझे ३ व १७ ऑगस्टचे अर्ज (पोच नाही)

महोदय,

१. अर्जदार गुनव्होर हेडबेर्ग, वय ७१. ग्रानफॉर्स क्लबच्या खेळाडूंचे कपडे मी एकतीस वर्षे दर गुरुवारी आमच्या इमारतीच्या सामाईक धुलाईखोलीत धुतले. दोन वर्षांपूर्वी माझे पती आर्ने वारले आणि माझे ते काम सुटले. टोर्केलची नेमणूक पुढे चालवायची की नाही, हे आपण सोमवारी ठरवणार आहात, म्हणून तातडीने लिहीत आहे.

२. सदर इसम इथलाच. अकरा हंगाम आपला बचावपटू होता, पण गोल एकही नाही. मग आपल्या जुन्या प्रतिस्पर्धी एल्वबू क्लबने बोलावले आणि स्वारी तिकडे. तिथे पिवळा सदरा चढवून पहिला गोल केला तो आपल्यावरच! गुडघा मोडल्यावर प्रशिक्षक होऊन परतला आणि नेमके आमच्याच इमारतीत घर घेतले. पाणी कुठेतरी मुरते आहे.

३. त्याच्या हाताखाली सात सामने झाले. तीन जिंकलो, चार हरलो, चारही एकेका गोलने. इतकी बेतशीर हार आपोआप होत नसते. शिवाय गुरुवारच्या सरावानंतर सगळे कॉफीला बसतात, तेव्हा हा आपला दालचिनीचा पाव न खाता कागदात गुंडाळून खिशात टाकतो. कोणासाठी?

४. धुलाईखोलीच्या फळ्यावर ज्याने त्याने आपल्या वाराच्या व वेळेच्या चौकटीत आपले कुलूप अडकवून पाळी राखायची. अर्ध्या तासात माणूस आला नाही, तर पाळी दुसऱ्याने घ्यावी. हा नियम मीच टंकून भिंतीला चिकटवला आहे. टोर्केल गुरुवारी पाचला भली मोठी पिशवी घेऊन आत शिरतो. यंत्र लावत नाही. नुसता बाकावर बसून घड्याळ बघतो. साडेपाचला यंत्र सुरू. सायकलींच्या शेडमागे उभी राहून मी हे तीन गुरुवार पाहिले, पैकी एक भर पावसात. एल्वबूचा माणूस यायचा असणार, दुसरे काय? सबब नेमणूक रद्द व्हावी.

५. वरील मजकूर बुधवारचा. काल पाच वाजून वीस मिनिटांनी मी रंगेहाथ पकडायला दार लोटले. पिशवीत आपलेच निळे सदरे! “कोणाची वाट बघतोयस रे?” असे मी दरडावले. “तुझीच की, गुनव्होर,” तो म्हणाला. “फळ्यावर कुलूप तुझंच आहे. दोन वर्षं कुणाचा हात धजला नाही काढायला. अर्धा तास थांबा, असं तूच लिहिलंयस ना?” क्लब कपडे बाहेर धुवायला देणार होता. त्याने म्हणे सांगितले, “आपल्याकडे माणूस आहे, येईल.” मग त्याने खिशातून पाव काढून माझ्यापुढे धरला. मला रडू आले, याची नोंद असावी.

६. तरीही संशय पुरता फिटलेला नाही. सदर इसम निळ्या सदऱ्यांत पांढरे मोजे टाकतो. त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी मी यापुढे दर गुरुवारी पाचच्या ठोक्याला जातीने हजर राहीन व कपडे मीच धुईन. नजर ठेवायची तर माणूस इथे हवा. सबब आधीचे दोन्ही अर्ज व वरील मागणी फाडून टाकावी, आणि त्याला हा हंगाम व जमल्यास पुढचेही काही हंगाम मुळीच हलवू नये, ही विनंती.

आपली नम्र व अजूनही सावध,
गुनव्होर हेडबेर्ग
शुक्रवार, ३० ऑगस्ट

सोबत : १. धुलाईखोलीच्या नियमाची प्रत. २. पांढरा मोजा, एक (सध्या निळा).