शुक्रवारचं जहाज

३ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी.

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून असावी, म्हणजे पुढे मुलाखतीत अडचण येत नाही.

काम असं. दर शुक्रवारी चारच्या सुमाराला ते पांढरं क्रूझ जहाज आमच्या खाडीतून बाहेर पडतं. अकरा मजली. त्याच्यामागे लाट उठते. त्या लाटेवर फळी टाकून उभं राहायचं आणि जहाजाच्या कडेकडेने थेट खाडीच्या तोंडापर्यंत जायचं. आजवर कोणी केलेलं नाही. चौकशी केली नाही, पण केलं असतं तर मला कळलं असतं.

लेक त्याच जहाजावर नोकरीला आहे. जानेवारीपासून. केबिनमधल्या चादरी आणि उशांचे अभ्रे बदलते. त्याचा ह्या कामाशी काही संबंध नाही.

४ मार्च, शनिवार.

मेव्हण्याला प्लॅन सांगितला. त्याची मोटरबोट लागणार आहे. तो म्हणाला, भाऊजी, तुमचं वय चोपन्न आणि कंबर बेचाळीस, ह्यातलं काहीतरी एक आधी कमी करा. हसलो नाही.

ह्याला काय माहीत! पंचवीस वर्षांपूर्वी ह्याच खाडीत मी मोटरबोटीमागे एका पायावर उभा राहायचो. चंदेरी सूट, हातात झेंडा. माणसं टाळ्या वाजवायची. आता त्याच धक्क्यावर पेडल बोटी भाड्याने देतो. चार आहेत. दोन हंस, एक बदक, एक नुसतीच. लोक मला हंसवाले म्हणतात. म्हणोत. गाढवाला गुळाची चव काय.

संकल्प : उद्यापासून पहाटे पळणे.

५ मार्च, रविवार.

पळण्याचे बूट सापडले नाहीत.

६ मार्च, सोमवार.

फळीचा प्रश्न सुटला. दुकानातल्या फळ्यांचे भाव ऐकून परत येत होतो, तेवढ्यात सुचलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. जेवणाचं टेबल! सागवानी, सहा माणसांचं. घरात माणसं दोन. पाय काढले, वरची फळी उचलली. पाठीत किंचित लचक.

ही शिवणाच्या मशीनवर बसली होती. (लोकांचे कपडे आल्टर करून देते.) म्हणाली, आता जेवायचं कुठे? म्हटलं, मांडीवर ताट घेऊन. थोर माणसं तशीच जेवायची. ही म्हणाली, लेकीची खुर्ची तेवढी राहू द्या.

खुर्चीला मी हात लावला नव्हता.

८ मार्च, बुधवार.

बॅलन्सची प्रॅक्टिस. बाहेरच्या खोलीत रिकामा गॅस सिलिंडर आडवा टाकून त्यावर फळी, फळीवर मी. पहिल्या प्रयत्नात बराच वेळ टिकलो. दुसऱ्यात कपाटावर गेलो. खालच्या मजल्यावरचे मास्तर वर आले. म्हणाले, वर पाडापाडी चालली असेल तर आधी नोटीस द्यायला हवी होती. त्यांना प्लॅन सांगितला नाही. लोकांचा मत्सर वाईट.

लाल टेबलक्लॉथ कुठे दिसला नाही. हिला विचारलं. म्हणाली, आहे वापरात.

१० मार्च, शुक्रवार. रात्री.

निरीक्षणाचा दिवस. धक्क्यावर दुर्बीण घेऊन उभा राहिलो. चार वाजून गेल्यावर जहाज आलं. लाट चांगली आहे. कामाची आहे.

सगळ्यात खालच्या डेकवर, कामगार लोक उभे राहतात तिथे, लेक दिसली. हातात पांढरा अभ्रा. हलवत होती. बराच वेळ. माझ्याकडे बघून.

मी हात हलवला नाही. एक तर बापाने आधी हात हलवायचा नसतो. दुसरं म्हणजे धंद्याची अडचण. गिऱ्हाइकाची वेळ संपली की मी धक्क्यावरून हात वर करतो. हात दिसला की बोट परत. पूर्वी शिट्टी होती, ती हरवली. तेव्हा उगाच हात वर केला तर पाण्यातली सगळी गिऱ्हाइकं वळणार. पोरीच्या प्रेमापायी धंदा कसा बुडवणार?

घरी आलो तर ही नव्हती. दर शुक्रवारी ह्या वेळेला गच्चीवर कपडे वाळत घालते. दोन माणसांच्या घरात एवढे कपडे येतात कुठून?

१३ मार्च, सोमवार.

चंदेरी सूट माळ्यावरून काढला. बसतो. फक्त चेन लागत नाही. हिने दोन्ही बाजूंना तुकडे घातले. तुकडे राखाडी आहेत. लांबून दिसणार नाहीत.

सूट घालून आरशासमोर उभा राहिलो. लेक सहा वर्षांची असताना हा सूट बघून म्हणाली होती, बाबा, तुम्ही माशासारखे चमकता. पुढे मोठी झाल्यावर काय म्हणाली तेही आठवलं. नोकरीचं पत्र आलं त्या दिवशी मी विचारलं होतं, एवढं शिकून परक्यांच्या उशा झटकणार? तर म्हणाली, बाबा, तुमच्या चार बोटींवर आपण किती जणांनी बसायचं?

लागलं नाही. तिला निरोप द्यायला गेलो नाही एवढं खरं, पण त्या दिवशी बदकाला रंग द्यायचा होता.

आता बघेल. अकरा मजले टाळ्या वाजवतील आणि लोक तिला विचारतील, कोण गं हा? तेव्हा काय सांगते बघू.

१७ मार्च, शुक्रवार.

आज स्टंट करणार होतो. मेव्हण्याच्या बोटीचं इंजिन बंद. नाचता येईना अंगण वाकडं, असं तो मला म्हणाला. इंजिन त्याचं, अंगण माझं!

लेकीने आजही अभ्रा हलवला. खिशात हात घालून उभा राहिलो. मान थोडी हलवली. तिला कळलं असावं.

२३ मार्च, गुरुवार.

सगळी तयारी झाली. मेव्हणा बोट चालवणार. धक्क्यावरचा फोटोवाला बोटीत बसून व्हिडिओ काढणार. मी मागे दोरीला. लाट आली की दोरी सोडायची, उभं राहायचं, एक हात वर करायचा. उद्या धंदा बंद, त्यामुळे हात वर करायला हरकत नाही. तो हात कोणासाठी, हे ज्याचं त्याला कळेल.

हिला म्हटलं, उद्या तरी धक्क्यावर ये. म्हणाली, मला वर काम आहे. माणसाने घरात कदर शोधू नये.

२४ मार्च, शुक्रवार. रात्री. अंथरुणात.

झालं. एकंदरीत यशस्वी.

काही गोष्टी वेगळ्या झाल्या. फळीवर पालथा पडून निघालो. उभं राहायला गेलो तर टेबलाच्या पायांच्या स्क्रूची भोकं आडवी आली, म्हणजे त्यात पायाचा अंगठा अडकला. तोवर मेव्हण्याचं इंजिन गचके देऊन बंद पडलं आणि माझी फळी लाटेच्या मागे जायच्या ऐवजी जहाजाच्या पुढे गेली. अकरा मजले खालून फार मोठे दिसतात.

जहाजाने मला ओळखलं. पाच वेळा भोंगा वाजवून सलामी दिली. मग पुन्हा पाच वेळा.

वर पाहिलं. लेक डेकवर होती. अभ्रा हातात होता. हात वर करायचा होता, पण दोन्ही हातांनी फळी धरली होती. सोडणार होतो. खरंच सोडणार होतो. तेवढ्यात फळी उलटली.

बंदराच्या लोकांनी सुटाला आकडा लावून मला बाहेर काढलं. राखाडी तुकड्यात आकडा घातला होता. शिवण उसवली नाही. टेबल जहाजाखाली गेलं.

हिने गरम पाणी दिलं. डोळे सुजलेले होते. अभिमानाने असावेत.

२५ मार्च, शनिवार.

बंदराच्या साहेबांनी बोलावलं. म्हणाले, पाच भोंगे म्हणजे धोका. म्हणजे, बाजूला हो मूर्खा. जहाज अर्धा तास थांबलं, हजार माणसं घाबरली, एक म्हातारी जिन्यावरून पडता पडता वाचली. मी त्यांना पाण्यावर उभं राहण्याचं शास्त्र समजावून सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतलं नाही. मेव्हण्याची बोट जप्त. तो माझ्याशी बोलत नाही. जाता जाता एवढंच म्हणाला की ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मी तर हात दाखवलासुद्धा नव्हता.

२७ मार्च, सोमवार.

फोटोवाल्याचा व्हिडिओ गाजतोय. दोन लाख माणसांनी पाहिला. कळलं तसा दाढी करून बसलो. मग त्याच्या दुकानात जाऊन पाहिला.

फोटोवाला घाबरला होता, त्यामुळे फोन इकडेतिकडे फिरलाय. आधी धक्क्यामागची आपल्या घराची गच्ची दिसते. गच्चीवर ही. दोन्ही हातांनी लाल टेबलक्लॉथ हलवतेय. मग फोन फिरतो, जहाज. खालच्या डेकवर लेक, पांढरा अभ्रा हलवतेय. पुन्हा गच्ची. लाल. पुन्हा जहाज. पांढरं. लेकीची नजर वर आहे. धक्क्याकडे नाही. धक्क्याच्या पार वर, गच्चीकडे.

फोटोवाल्याला विचारलं, ह्यात मी कुठे? म्हणाला, मधे. ते चमकतंय ते.

खाली लोकांनी लिहिलंय. आई आणि मुलगी बघून रडू आलं. लाल कापडवाल्या आजींना नमस्कार. एकाने लिहिलंय, पाण्यात कचरा टाकणाऱ्यांना दंड करा.

ही आजी नाही. पन्नाशीची आहे.

२८ मार्च, मंगळवार.

हिला विचारलं, कधीपासून? आवाज चढवून विचारलं. माझ्या पाठीमागे हा सगळा कारभार चालला होता की काय, असं म्हणालो.

ही सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, जानेवारीतले पहिले दोन शुक्रवार ती तुमच्याकडेच बघून हलवत होती. तुम्ही खिशातून हात काढला नाहीत. मग तिने फोनवर मला विचारलं, आई, तू कुठे उभी राहशील? आधी टॉवेल घेऊन जायचे. तुम्ही टेबल मोडलंत तेव्हापासून टेबलक्लॉथ न्यायला लागले. लांबून बरा दिसतो, म्हणाली ती.

मी म्हटलं, बोटी परत आल्या असत्या. हात वर केला असता तर बोटी परत आल्या असत्या, तुला धंद्यातलं काय कळतं?

ही म्हणाली, आल्या असत्या तर आल्या असत्या.

दोरा ओवला गेला नाही. मी ओवून देऊ का विचारलं. नको म्हणाली.

३० मार्च, गुरुवार.

बंदर ऑफिसची सूचना धक्क्यावर लागली. सुरक्षिततेच्या कारणाने मोठी जहाजं ह्या खाडीतून जाणार नाहीत. पलीकडच्या मार्गाने, बेटामागून जातील. कायमची.

घरी सांगितलं. हिने मशीन थांबवलं. म्हणाली, फोनवर आवाज येतो हो, पण माणूस दिसत नाही. आठवड्यातून एकदा दिसत होती. मग मशीन चालू केलं. टेबलक्लॉथची चौकोनी घडी लेकीच्या खुर्चीवर ठेवलेली होती.

बंदराच्या साहेबांना रोज एक अर्ज करणार आहे. उद्यापासून. नाही, परवापासून. त्यांना माझी किंमत नाही, पण आईचं दुःख तरी कळेल. व्हिडिओ जोडतो.

३१ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी.

धंदा चालू. एक हंस पाण्यात होता. नवराबायको आणि मधे लहान मुलगी.

चार वाजले. जहाज आलं नाही. येणार नव्हतंच. बेटामागून धुराची एक रेघ गेली, ती त्याचीच असावी. मागे वळून गच्ची पाहिली. रिकामी. कपडेही नव्हते.

धुराकडे बघून खिशातून हात काढला. वर केला. पूर्ण वर. हलवला. जरा वेळ तसाच ठेवला.

हंसातल्या माणसाला वाटलं, त्याची वेळ संपली. मुलगी रडत होती, तरी तो वळून परत आला.